स्टर्नड्राइव्ह नौकेचे आउटबोर्डात रूपांतर : भारविचार व शब्दविचार

यंत्रनौकेच्या संदर्भात ‘इंजिन बदलणे’ हा एकच शब्दप्रयोग दोन अत्यंत भिन्न क्रियांना लावला जातो. जुने इंजिन काढून त्याच जागी त्याच जातीचे नवे बसविणे ही पहिली क्रिया होय. नौकेच्या पोटातील इंजिन व त्याला जोडलेला पिछाडीचा पाय ही दोन्ही काढून टाकून त्यांच्याऐवजी पिछाडीवर टांगावयाचे आउटबोर्ड इंजिन बसविणे ही दुसरी. पहिलीत नौका होती तशीच राहते. दुसरीत नौकेचा भार कोठे पडावा, पंख्याचा रेटा कोणत्या भागाने झेलावा आणि पाणी कोठे अडवावे, या तिन्ही गोष्टी बदलतात. पहिली दुरुस्ती आहे; दुसरी रचनांतर आहे. दोहोंस एकच नाव असल्यामुळे दुसरीकडेही पहिलीच्याच दृष्टीने पाहिले जाते, आणि या कामातील बहुतेक चुकांचे मूळ तेथे आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या क्रियेचे स्वरूप सांगावयाचे असून, ते सांगताना मराठीच्या निरनिराळ्या व्यवसायबोलींतील कोणते शब्द उपयोगी पडतात याचाही विचार करावयाचा आहे.

१. विषयाची व्याप्ती

हा विषय केवळ कोकणपट्टीचा आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तो बरोबर नाही. बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा तालुक्यातले वडनेर भोलजी हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, पूर्णेच्या खोऱ्यात वसलेले आहे. त्याच्यावरून जाणारा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, म्हणजे आजचा क्रमांक ५३, नागपूर व धुळे या शहरांना जोडतो. महाराष्ट्राच्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या याच दोन शहरी ठेवलेल्या आहेत. पुराच्या वेळी अशा पथकांच्या होड्या पाण्यातून येत नाहीत, रस्त्याने येतात. आणि त्यांची इंजिने होडीपासून सुटी करून वाहून नेता येतात ती आउटबोर्ड जातीची असतात म्हणूनच. जुलै २०२३ मध्ये याच जिल्ह्यातील संग्रामपूर व जळगाव जामोद या तालुक्यांनी मोठा पूर अनुभवला. नांदुरा तालुक्यातच जिगाव येथे पूर्णेवर मोठे धरण हाती घेण्यात आले आहे, आणि जेथे विस्तीर्ण जलाशय होतो तेथे पुढेमागे नौका येतेच. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीत आणि २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात होड्या उलटून माणसे बुडाली. या दोन्ही दुर्घटनांचा इंजिनाच्या रूपांतराशी संबंध नाही. तथापि नौकेच्या तोलाचा प्रश्न समुद्रापासून दूरच्या माणसांच्याही जिवाशी निगडित आहे, एवढे त्यांवरून दिसून येते. म्हणून वडनेर भोलजीच्या वाचकाला समजेल अशा भाषेत हा विषय मांडता येतो की नाही, ही कसोटी येथे स्वीकारली आहे.

२. तीन रचना

यंत्रनौकेत इंजिन व पंखा यांची सांगड घालण्याच्या तीन प्रमुख रीती आहेत. पहिलीत इंजिन नौकेच्या मध्यभागी अथवा त्याच्या थोडे मागे बसविलेले असते व त्याचा दांडा तळातून तिरपा बाहेर निघून पंख्यास फिरवितो. मासेमारीच्या मोठ्या यांत्रिक नौका बहुधा याच रीतीच्या असतात. हिला इनबोर्ड म्हणतात.

दुसऱ्या रीतीत इंजिन व पंखा यांचा मिळून एकच जोड असतो. इंजिनाचा फिरता कणा उभा असून त्याच्याखाली लांब पाय असतो. पायाच्या तळाशी दातेरी चाकांच्या योगाने गती काटकोनात वळते व पंखा फिरतो. हा सबंध जोड नौकेच्या मागच्या आडव्या भिंतीच्या वरच्या काठावर टांगतात. हेच आउटबोर्ड. अमेरिकेत ओले एव्हिनरूड याने १९०९ मध्ये या इंजिनाचा धंदा सुरू केला आणि पुढे ते जगभर पसरले.

तिसरी रीत या दोहोंच्या मधली आहे. तीत इंजिन नौकेच्या आत, पण अगदी पिछाडीला खेटून असते. पाय मात्र आउटबोर्डासारखा बाहेर असतो. मागच्या भिंतीला मोठे भोक पाडून त्यातून इंजिनाची गती बाहेरच्या पायाकडे नेलेली असते. तेथे ती युनिव्हर्सल सांध्यातून जाते, मग खाली वळते, आणि पायाच्या तळाशी पुन्हा मागे वळते. महामार्गावरील ट्रकच्या मिस्त्रीला हा सांधा परिचयाचा आहे. ट्रकच्या लांब दांड्यातील ज्या सांध्यास तो ‘क्रॉस’ म्हणतो, त्याच तत्त्वाचा हा सांधा होय. फरक इतकाच की नौकेत त्याच्याभोवती पाणी असते आणि ते आत येऊ नये म्हणून त्यावर घड्याघड्यांची रबरी नळी चढविलेली असते. ही रचना म्हणजे स्टर्नड्राइव्ह. अमेरिकी अभियंता जिम विन याच्या कल्पनेवरून स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीने १९५९ मध्ये ती बाजारात आणली आणि १९६१ मध्ये मर्क्रूझर ही अमेरिकी स्टर्नड्राइव्ह तिच्या स्पर्धेत उतरली.

त्या काळी आउटबोर्डाची शक्ती मर्यादित होती. मोठ्या मोटारीचे इंजिन नौकेत बसवावे आणि आउटबोर्डासारखा वळणारा व उचलता येणारा पायही मिळावा, अशा दुहेरी सोयीतून स्टर्नड्राइव्हचा जन्म झाला. पुढे आउटबोर्डाची शक्ती वाढत गेली. २०२१ मध्ये मर्क्युरी कंपनीने ६०० अश्वशक्तीचे आउटबोर्ड बाजारात आणले. ज्या उणिवेमुळे मधली रीत निघाली ती उणीव अशा रीतीने बऱ्याच अंशी नाहीशी झाली, आणि जुन्या स्टर्नड्राइव्ह नौकांचे काय करावयाचे हा प्रश्न पुढे आला.

३. नावे व त्यांची मर्यादा

इनबोर्ड व आउटबोर्ड या दोन शब्दांतील ‘बोर्ड’ म्हणजे नौकेची कड अथवा बाजू. इंग्रजीच्या जुन्या अवस्थेत या शब्दाचा अर्थ फळी आणि त्यावरून नौकेची फळ्यांची बाजू असा होता. सारांश, कडेच्या आत ते इनबोर्ड व कडेबाहेर ते आउटबोर्ड. ‘स्टर्न’ म्हणजे पिछाडी. या शब्दाचा संबंध सुकाणू धरण्याच्या क्रियेशी आहे, कारण सुकाणू मागे असे. तिन्ही नावे स्थान सांगतात. यंत्र कोठे आहे हे त्यांवरून कळते. त्याचा भार कशावर आहे आणि त्याचा रेटा कोण झेलतो हे कळत नाही.

मराठी दर्यावर्दी शब्दसंग्रह समृद्ध आहे व त्याची घडण बहुभाषिक आहे. सुकाणू हा अरबी ‘सुक्कान’पासून आलेला शब्द. खलाशी हाही मूळचा अरबी. नाखवा हा फारसी ‘नाखुदा’वरून आला असून त्याच्या पूर्वपदात संस्कृत ‘नौ’ या शब्दाचेच इराणी भावंड आहे. नौकेच्या पुढच्या टोकास नाळ व मागच्या भागास वरामा म्हणतात. परंतु स्टर्नड्राइव्ह व आउटबोर्ड यांच्यासाठी या संग्रहात जुने शब्द असण्याचे कारण नाही. ‘अंतर्यंत्र’, ‘बहिर्यंत्र’ यांसारखे नवे संस्कृत सामासिक शब्द घडविणे सोपे आहे. मात्र ते इंग्रजी शब्दांचेच स्थानवाचक वर्णन पुन्हा करतील आणि त्यांची मर्यादाही जशीच्या तशी घेऊन येतील. म्हणून येथे बंदरांवर रूढ झालेले इंग्रजी शब्दच ठेवले आहेत. ज्या दोन गोष्टींसाठी अर्थवाहक मराठी शब्दाची खरी गरज आहे त्या वेगळ्या आहेत. एक, नौकेची मागची भिंत. आणि दुसरी, मागच्या भाराने बिघडणारा तोल. पहिलीसाठी ‘पाठफळी’ हा साधा समास पुढे वापरला आहे. दुसरीसाठी शब्द घडविण्याची आवश्यकताच नाही; तो बैलगाडीच्या भाषेत तयार आहे.

४. रूपांतराची कारणे

स्टर्नड्राइव्हचा दुबळा भाग म्हणजे पाठफळीतले भोक व त्यावरची रबरी नळी. रबर काळाने कडक होते, त्यास चिरा पडतात, आणि समुद्रात त्यावर शिंपले व शेवाळ यांचे थर चढतात. नळी फाटली की पाणी प्रथम सांध्याच्या बेअरिंगात व मग थेट नौकेच्या पोटात येते. उभ्या नौकेत, रात्री, कोणी जवळ नसताना हे घडू शकते. शिवाय या रचनेत पाय बराच वर उचलता आला तरी तो सर्वस्वी पाण्याबाहेर येतोच असे नाही. त्यामुळे खाऱ्या पाण्यात त्याची झीज सतत चालू राहते. इंजिन थंड ठेवण्यासाठी खारे पाणी फिरविले जात असल्यास धुराड्याचे लोखंडी भाग आतून गंजतात. इंजिन बंद कप्प्यात असल्यामुळे तेथे पेट्रोलची वाफ साचण्याचा धोका असतो व ती बाहेर काढण्यासाठी स्वतंत्र पंखा चालवावा लागतो.

आउटबोर्ड पूर्णपणे वर उचलता येते, उघड्या हवेत असते, त्याची डागडुजी उभ्याने करता येते, आणि निकामी झाल्यास ते सबंध उतरवून दुसरे चढविता येते. नौकेच्या आतली इंजिनाची जागाही मोकळी होते. हे सर्व लाभ खरे आहेत. मात्र हे लाभ इंजिनाचे आहेत, आणि त्यांची किंमत नौकेला मोजावी लागते. ती कशी, हे पुढील दोन विभागांत पाहावयाचे आहे.

५. पाठफळीवरील रेटा

स्टर्नड्राइव्ह नौकेत इंजिनाचे वजन मुख्यतः तळाच्या लांब वाशांवर विसावलेले असते. पाठफळीने पायाचे वजन व पंख्याचा रेटा झेलावयाचा असतो, पण तो रेटा फळीच्या खालच्या, तळाशी जोडलेल्या मजबूत भागात पडतो. घराच्या भाषेत सांगावयाचे तर ओझे जोत्यावर आहे आणि भिंतीला केवळ पायथ्याशी ढकलले जात आहे.

आउटबोर्ड बसविल्यावर हा क्रम पालटतो. आता सगळे वजन भिंतीच्या वरच्या काठावर, तेही भिंतीच्या बाहेर लोंबकळते. पंखा मात्र खाली, पाण्यात असतो. नौका पुढे जाताना पंखा पायाच्या खालच्या टोकास पुढे ढकलतो. त्यामुळे इंजिनाच्या पकडीची खालची बाजू पाठफळीत रुतू पाहते आणि वरचे बोल्ट फळीला मागे ओढतात. बाहेर टांगलेल्या वजनाची ओढही त्याच दिशेने असते. दोन्ही बळे एकत्र येऊन पाठफळीला तिच्या माथ्यापासून मागे मोडू पाहतात. लाटांवर नौका आदळते तेव्हा ही ओढ क्षणभर कित्येक पटींनी वाढते. जी भिंत ओझे पायथ्याशी झेलण्यासाठी बांधली होती तिला ते आता माथ्याशी झेलावे लागते, हा या रूपांतराचा गाभा होय.

यावरून कामाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम पाठफळीची परीक्षा. काचतंतूंच्या नौकांत पाठफळी बहुधा दोन काचतंतूंच्या थरांमध्ये प्लायवूडचा गाभा घालून केलेली असते. जुन्या भोकाच्या कडेने व बोल्टांच्या छिद्रांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपून हा गाभा कुजलेला असू शकतो, आणि वरचा थर शाबूत असल्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही. लहान हातोडीने ठोकून पाहिले असता निरोगी भागाचा आवाज खणखणीत व कुजलेल्याचा बद्द येतो. निश्चितीसाठी आतील बाजूने बारीक छिद्रे पाडून गाभ्याचा चुरा तपासतात. तो काळा व ओला निघाल्यास गाभा बदलण्यावाचून मार्ग नाही. कुजलेल्या गाभ्यावर भोकापुरते ठिगळ लावणे म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईला रंग देणे होय.

गाभा सुस्थितीत असल्यास, अथवा नवा घातल्यावर, भोक बुजवावयाचे असते. भोकाच्या आकाराचा मरीन प्लायवूडचा तुकडा बसवून वर काचतंतूंचे थर चढवितात. येथे महत्त्व आहे ते उताराला. भोकाच्या काठाशी जुना थर एकदम तोडलेला असला तर नवे व जुने यांचा सांधा एका रेषेत येतो व तेथेच फाटतो. म्हणून जुना थर काठापासून दूरपर्यंत घासून पातळ करीत आणतात. उताराची लांबी थराच्या जाडीच्या सुमारे बारापट असावी असा प्रघात आहे. एक सेंटिमीटर जाडीच्या थरासाठी बारा सेंटिमीटर उतार, हे प्रमाण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. उतार जितका लांब तितके नव्याचे जुन्याशी चिकटण्याचे क्षेत्र अधिक.

एवढ्याने भिंत पूर्ववत होते. माथ्याचा भार झेलण्यास ती अद्याप सिद्ध झालेली नसते. त्यासाठी पाठफळीला आतून तिरकस आधार देऊन ती तळाच्या लांब वाशांशी जखडावी लागते. माथ्यावर येणारी ओढ या आधारांतून वाशांत व वाशांतून सबंध तळात पसरते. जुन्या इंजिनाचे वासे या कामी उपयोगी पडतात. म्हणून इंजिन काढल्यावर जागा मोकळी व्हावी एवढ्यासाठी ते कापून टाकणे अत्यंत अविचाराचे होय.

ज्या होड्यांना पाठफळीच नाही त्यांच्याशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. वल्ह्यांच्या अनेक परंपरागत होड्या दोन्ही टोकांना निमुळत्या असतात. अशा होडीस आउटबोर्ड लावावयाचे झाल्यास ते टोकावर बसत नाही. बाजूला वेगळी फळी जखडून त्यावर ते टांगावे लागते. तेथे भार झेलणारा अवयव नव्याने जोडावा लागतो हे उघड दिसते, म्हणून कारागीर त्याची काळजी घेतो. स्टर्नड्राइव्ह नौकेत भिंत आधीच उभी असते. ती आहे म्हणून ती समर्थही आहे असे गृहीत धरले जाते.

६. उलाळ व धुरजड

बैलगाडीत मागे अधिक ओझे भरले की जू वर उचलले जाते व बैलांच्या मानेस पट्टे ओढले जातात. अशा गाडीस उलाळ म्हणतात. काही बोलींत ‘उलार’ असाही उच्चार आहे. ओझे पुढे अधिक झाले तर जू बैलांच्या खांद्यावर दाबते. ती गाडी धुरजड. गाडीत एकूण किती वजन भरले याचा निर्देश या दोन शब्दांत नाही. आसाच्या मानाने ते वजन कोठे आहे एवढेच ते सांगतात. नौकाशास्त्राला नेमकी हीच संकल्पना हवी असते. गाडीत जे स्थान आसाचे, पाण्यात ते स्थान नौकेला तोलून धरणाऱ्या पाण्याच्या रेट्याच्या मध्याचे. नाळ उचलली जाऊन वरामा पाण्यात बसला की नौका उलाळ झाली असे म्हणावे. वडनेर भोलजीच्या शेतकऱ्याला याहून अधिक स्पष्टीकरण लागणार नाही.

हलके इंजिन बसविले म्हणजे नौका हलकी झाली, एवढ्यावर सामान्यतः समाधान मानले जाते. त्यातील अपुरेपणा एका कल्पित उदाहरणाने दाखविता येईल. समजा, तोलाचा मध्य पाठफळीच्या २.५ मीटर पुढे आहे. जुने आठ सिलिंडरांचे इंजिन व पाय यांचे एकत्रित वजन ४२० किलो असून त्याचा गुरुत्वमध्य पाठफळीच्या ०.४ मीटर पुढे, म्हणजे तोलमध्यापासून २.१ मीटर मागे आहे. वजनास अंतराने गुणले असता ८८२ किलो-मीटर येतात. हे झाले जुने उलाळमान.

आता २१५ किलोचे, सुमारे दीडशे अश्वशक्तीचे एक आउटबोर्ड थेट पाठफळीवर टांगले व त्याचा गुरुत्वमध्य पाठफळीच्या ०.३ मीटर मागे आला, तर अंतर २.८ मीटर व गुणाकार ६०२. नौका खरोखरच पूर्वीपेक्षा कमी उलाळ झाली. परंतु पुष्कळदा पाठफळी उंच असते व ती कापावी लागू नये म्हणून मागे धातूची चौकट अथवा पेटी, म्हणजे ब्रॅकेट, बसवून त्यावर इंजिन टांगतात. ब्रॅकेटामुळे इंजिन आणखी ०.७५ मीटर मागे गेले तर अंतर ३.५५ मीटर व गुणाकार सुमारे ७६३. त्यात ३५ किलोच्या ब्रॅकेटाचे, २.९ मीटर अंतराने, सुमारे १०२ मिळविले म्हणजे बेरीज ८६५ होते. वजन ४२० वरून २५० किलोवर आले, तरी उलाळमान जवळजवळ होते तेवढेच राहिले. त्याच ब्रॅकेटावर शक्ती वाढविण्याच्या हौसेने दोन इंजिने टांगली व ब्रॅकेट ५० किलोचे झाले, तर बेरीज सुमारे १६७० पर्यंत जाते. एकूण वजनात फक्त ६० किलोंची भर पडूनही उलाळमान जवळजवळ दुप्पट झाले.

पेटीच्या आकाराचे बंद ब्रॅकेट पाण्यात थोडे बुडत असेल तर ते स्वतः तरते व या उलाळीस काही अंशी उतारा देते. केवळ चौकटीचे ब्रॅकेट तो देत नाही. पुढे बॅटऱ्या अथवा इंधनाची टाकी हलवूनही तोल सावरता येतो. पण हे सर्व हिशोब इंजिन विकत घेण्यापूर्वी करावयाचे असतात. बनावणाऱ्याने नौकेस कमाल अश्वशक्तीची मर्यादा लावून दिलेली असल्यास ती ओलांडू नये हे वेगळे सांगण्याची गरज नाही. उलाळ नौकेची नाळ सुरुवातीच्या गतीत इतकी उंच चढते की चालकाला पुढचे पाणी दिसत नाही, आणि वेग एकदम सोडला असता मागून आलेली लाट पाठफळीवरून आत शिरू शकते.

७. उंची व इतर व्यवस्था

आउटबोर्डाच्या पायाच्या लांब्या ठरावीक असतात. पाठफळीच्या सुमारे ३८, ५१, ६४ व ७६ सेंटिमीटर उंचीस अनुसरून त्या केलेल्या असतात. पंख्याच्या वर पायास जी आडवी पट्टी असते ती साधारणपणे नौकेच्या तळाच्या पातळीत यावी असा नियम आहे. इंजिन फार खाली बसले तर पाय पाण्यात विनाकारण ओढत राहतो. फार वर बसले तर पंखा हवा ओढतो व रेटा सुटतो. ब्रॅकेटावर इंजिन मागे गेले म्हणजे तळाखालून सुटलेले पाणी तेथवर काहीसे वर चढलेले असते. म्हणून दर ३० सेंटिमीटर मागे गेल्यास इंजिन सुमारे अडीच सेंटिमीटर वर घ्यावे असा ठोकताळा आहे. पाठफळी कापून उंची कमी केल्यास मागून येणाऱ्या लाटेस जी भिंत अडवीत होती तीच ठेंगणी होते. अशा वेळी आतल्या बाजूस पाणी झेलून परत बाहेर सोडणारी कुंडी बांधणे अपरिहार्य ठरते.

बाकीच्या व्यवस्था तुलनेने सरळ आहेत. धुराड्याची व थंडाव्याच्या पाण्याची जुनी भोके कायमची बुजवावीत. सुकाणूची जोडणी, वेग व दिशा यांचे नियंत्रण, मापकयंत्रे व वीजजोडणी नव्या इंजिनास अनुरूप करावी लागते. इंजिनाचा कप्पा रिकामा झाला तरी पेट्रोलची टाकी आतच असल्यास तेथील हवा खेळती ठेवण्याची जबाबदारी संपत नाही. पोटातील पाणी उपसणारा पंप काढू नये.

८. चाचणी व नोंद

नव्या रचनेची परीक्षा पाण्यातच होते. नौका उभी असताना वरामा किती बुडतो हे प्रथम पाहावे. नंतर हळूहळू वेग वाढवून नाळ केव्हा खाली येते ते पाहावे. शेवटी पूर्ण वेगात इंजिनाचे फेरे बनावणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेत आहेत की नाहीत हे तपासावे. फेरे कमी पडल्यास पंख्याची पिच कमी करावी व अधिक झाल्यास वाढवावी. पिचमधील एका इंचाच्या फरकाने मिनिटाचे सुमारे दीडशे ते दोनशे फेरे बदलतात. दरम्यान पाठफळीच्या कोपऱ्यांत रंगावर केसाएवढ्या चिरा दिसू लागल्यास चाचणी तेथेच थांबवावी.

ही चाचणी मोकळ्या पाण्यात, इतर नौकांपासून दूर घेणे याला पर्याय नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाच्या चाचणीवर असलेली नौदलाची वेगवान नौका नियंत्रण सुटून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर आदळली, आणि दहांहून अधिक माणसे प्राणास मुकली. ते प्रकरण प्रस्तुत रूपांतराचे होते असे येथे सुचवावयाचे नाही. इंजिन चाचणीवर असताना नौका अद्याप विश्वासार्ह झालेली नसते, एवढाच बोध त्यातून घ्यावयाचा आहे.

चाचणीनंतर नोंद. २०२१ च्या अंतर्देशीय नौका अधिनियमाने १९१७ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली असून यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या नौकांच्या तपासणीची व नोंदणीची व्यवस्था त्यात आहे. राज्यातील मासेमारी नौकांवर १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याचे नियंत्रण आहे. रूपांतरित नौकेच्या कागदपत्रांत इंजिनाची जात, शक्ती व क्रमांक जुनेच राहिले, तर कागदावरची नौका एक व पाण्यावरची दुसरी अशी स्थिती होते. २००८ च्या मुंबई हल्ल्यातील अतिरेक्यांनी किनाऱ्यावर सोडलेल्या रबरी होडीच्या आउटबोर्डाचा क्रमांक तपासात पुराव्याचा एक भाग ठरला होता, ही घटना इंजिनक्रमांकाचे महत्त्व पटविण्यास पुरेशी आहे.

९. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, स्टर्नड्राइव्ह नौकेचे आउटबोर्डात रूपांतर करावे की नाही हे इंजिनांची तुलना करून ठरत नाही. पाठफळीची अवस्था व उलाळमानाचा हिशोब या दोन गोष्टी ते ठरवितात. पाठफळी निरोगी असेल, तिला तळाशी जखडता येत असेल आणि हिशोब अनुकूल असेल, तर हे रूपांतर जुन्या नौकेस नवे आयुष्य देते. गाभा कुजला असेल व तो बदलण्याची तयारी नसेल, तर जुन्या इंजिनाची नीट डागडुजी करून नौका तशीच वापरणे अथवा तिला रजा देणे हेच अधिक सुज्ञपणाचे.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने यातून निघणारा मुद्दा परिभाषेच्या पद्धतीसंबंधी आहे. परिभाषा करताना परक्या शब्दाचे घटक घेऊन त्यांना संस्कृत प्रतिशब्द देण्याची सवय आपल्याकडे दृढ झालेली आहे. तीमुळे मूळ शब्दातील अपुरेपणही आपल्या भाषेत उतरते. त्याऐवजी संकल्पनेचा ठाव घेऊन ती आपल्या कोणत्या व्यवसायात पूर्वीच नांदत आहे याचा शोध घेतला, तर दर्यावर्दींच्या एका गरजेचा शब्द कोरडवाहू मुलखातल्या गाडीवानाकडे सापडतो. ‘उलाळ’ हा शब्द समुद्राने पाहिलेला नाही. तरी नौकेविषयीचे एक सत्य तो ‘आउटबोर्ड’पेक्षा अधिक नेमकेपणाने सांगतो. बैलगाड्या वेगाने कमी होत चालल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर हे शब्दही. ते वस्तूसोबत कोशात मिटून जाण्यापूर्वी त्यांना नव्या वस्तूंच्या कामी लावणे, हे पदव्युत्तर अभ्यासकांनी हाती घेण्याजोगे कार्य आहे.